रमाबाई रानडे

रमाबाई महादेव रानडे (जन्म : देवराष्ट्रे, २५ जानेवारी १८६२, मृत्यू : पुणे, १९२४) या महाराष्ट्रातील समाजसुधारक, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि लेखिका होत्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांचे पती होत. पुणे सेवासदन या संस्थेच्या त्या संस्थापक अध्यक्ष होत्या. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे करणारे प्रशिक्षण मिळावे, यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे वेचली. समाज ज्या परिचारिकेच्या पेशाकडे तुच्छतेने पाहत होता, त्याला मध्यमवर्गीय हिंदू कुटुंबांत मान्यता मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे आत्मकथनपर पुस्तक मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रलेखनात महत्त्वाचे मानले जाते.

बालपण आणि विवाह

रमाबाईंचा जन्म सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे माहेरी त्यांना लिहिणे-वाचणे शिकवले गेले नाही. मुलीने पुस्तक हातात धरले तर तिला वैधव्य येते, असा समज अनेक घरांत पक्का रुजलेला होता.

डिसेंबर १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे त्या वेळी ३१ वर्षांचे असून पुण्यात न्यायखात्यात नोकरीस होते. त्यांच्या प्रथम पत्नीचे त्याच वर्षी निधन झाले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे स्वतः एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि त्याबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. ज्या मुलीशी त्यांचा विवाह झाला, तिच्या शिक्षणाची जबाबदारी मात्र त्यांनी लगेच स्वीकारली.

घरातील शिक्षण आणि विरोध

विवाहानंतर रानडे यांनी रमाबाईंना स्वतः मराठी मुळाक्षरे शिकवण्यास प्रारंभ केला. पुढे मराठी वाचन, गणित, इतिहास आणि भूगोल हे विषय झाले. काही वर्षांनी इंग्रजीही सुरू झाले. अभ्यास दिवसभराची घरकामे आटोपल्यावर रात्री किंवा पहाटे करावा लागे.

रानडे यांचे कुटुंब मोठे आणि एकत्र होते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेचे शिकणे मुळीच पसंत नव्हते. टोमणे, अबोला आणि कामावरून बोलणी हा रमाबाईंचा रोजचा अनुभव होता. दिवसा स्वयंपाकघरात ज्या स्त्रियांच्या हाताखाली वावरायचे, त्यांचीच नाराजी ओढवून घेणारा अभ्यास रात्री करायचा, अशी ही दुहेरी ओढाताण अनेक वर्षे चालली. रानडे यांचा सल्ला सहन करण्याचा आणि उलट उत्तर न देण्याचा असे. रमाबाईंनी तो पाळला; परंतु या मौनाचे ओझे किती होते, हे त्यांच्या आठवणींतून जागोजागी जाणवते.

१८७८ मध्ये रानडे यांची नाशिकला आणि पुढील वर्षी धुळ्याला बदली झाली. मोठ्या कुटुंबापासून दूर राहिल्यामुळे या काळात रमाबाईंना अभ्यासासाठी मोकळीक मिळाली. नाशिक येथील शाळेच्या समारंभात त्यांनी आयुष्यातील पहिले जाहीर भाषण केले. ते रानडे यांनी लिहून दिलेले होते.

सार्वजनिक जीवनाचा आरंभ

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. या समाजाच्या साप्ताहिक सभांना रमाबाई रानडे नियमित जाऊ लागल्या. पुण्यातील सनातनी वर्गात या सभांविषयी रोष होता, आणि त्याचे पडसाद रानडे यांच्या घरातही उमटत. मिस हर्फर्ड यांच्याकडे रमाबाईंचे इंग्रजीचे शिक्षणही याच सुमारास चालू होते.

मुलींसाठी पुण्यात हायस्कूल निघावे म्हणून रानडे, वामन आबाजी मोडक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी मंडळी प्रयत्नशील होती. या संदर्भातील एका समारंभात रमाबाईंनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवले. पुरुषांच्या सभेत, गव्हर्नरसमोर, सुनेने इंग्रजीत बोलावे हे घरातील स्त्रियांना असह्य झाले व रमाबाईंना त्याची मोठी किंमत मोजावी लागली. १८८४ मध्ये मुलींचे ते हायस्कूल सुरू झाले. पुढे ते हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झाले.

१८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामानिमित्त रानडे यांना कलकत्त्यास राहावे लागले. तेथे पती-पत्नी दोघांनीही बंगाली भाषा शिकून घेतली. त्यानंतर दख्खनमधील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारण कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून रानडे यांचे पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांत दौरे होत. रमाबाई त्यांच्यासोबत असत. या दौऱ्यांमुळे शहरातील सुशिक्षित वर्तुळाबाहेरच्या स्त्रियांचे जीवन त्यांना जवळून पाहता आले.

मुंबईतील वर्षे आणि न्यायमूर्ती रानडे यांचे निधन

१८९३ मध्ये रानडे यांची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाली आणि हे दांपत्य मुंबईत आले. येथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांसाठी क्लब सुरू करून शिवण, विणकाम, प्रथमोपचार आणि वक्तृत्व यांचे वर्ग चालवले. करमणुकीसाठी एकत्र येणाऱ्या स्त्रियांना उपयुक्त काम शिकवण्याची ही पद्धत पुढे सेवासदनात विस्तारली.

उच्च न्यायालयाचे काम, अर्थशास्त्र व इतिहासविषयक लेखन, सामाजिक परिषद आणि प्रार्थना समाज अशा अनेक जबाबदाऱ्या रानडे एकाच वेळी वाहत होते. शेवटच्या काळात त्यांना हृदयविकार जडला. डिसेंबर १९०० मध्ये लाहोर येथे भरलेल्या सामाजिक परिषदेला प्रकृतीमुळे त्यांना जाता आले नाही. छातीत तीव्र वेदना येत असतानाही त्यांनी काम थांबवले नव्हते. त्या काळी वेदना तात्पुरत्या कमी करणारी औषधे होती. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या मूळ विकारावर इलाज नव्हता. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

या आजारातील शुश्रूषा रमाबाईंनी केली. त्यांच्या आठवणींमधील या काळाचे वर्णन हृदयविकाराच्या रुग्णाच्या घरातील चिंतेचे तपशीलवार चित्र आहे. वेदना लपवू पाहणारा रुग्ण आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्या ओळखणारी पत्नी, असे ते चित्र आहे. रुग्णाची देखभाल हे कौशल्याचे व जबाबदारीचे काम आहे, याची जाणीव त्यांना स्वतःच्या अनुभवातून झालेली होती. रमाबाई त्या वेळी ३८ वर्षांच्या होत्या. त्यांना अपत्य नव्हते. त्या पुण्यास परतल्या आणि काही काळ सार्वजनिक जीवनापासून पूर्णपणे दूर राहिल्या.

पुन्हा समाजकार्यात

शोकाचा काळ सरल्यावर रमाबाई हळूहळू कामाकडे वळल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना त्या नियमित भेटत, त्यांची विचारपूस करीत आणि त्यांना वाचून दाखवीत. आळंदीच्या यात्रेत येणाऱ्या स्त्रियांच्या मदतीसाठीही त्यांनी काम केले.

डिसेंबर १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. रमाबाई त्याच्या अध्यक्ष होत्या. त्या काळी विधवेने व्यासपीठावर येणे हेच धाडस समजले जाई. पतीच्या हयातीत त्यांनी लिहून दिलेली भाषणे वाचणाऱ्या रमाबाई आता स्वतःच्या विचाराने बोलू लागल्या होत्या.

सेवासदनाची स्थापना

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन ही संस्था निघाली. तिचे अध्यक्षपद रमाबाईंनी स्वीकारले. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात रमाबाईंचे प्रमुख सहकारी होते. आरंभीचे वर्ग रमाबाईंच्या राहत्या वाड्यातच भरत. पुढे संस्थेची स्वतंत्र नोंदणी झाली आणि ती पुणे सेवासदन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली.

संस्थेत पुढील प्रकारचे काम चाले :

* प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक शिक्षणाचे वर्ग
* शिवण, भरतकाम व इतर हस्तकलांचे वर्ग
* शिक्षिकांसाठी प्रशिक्षण
* परिचारिका व सुईणकामाचे प्रशिक्षण
* बाहेरगावच्या स्त्रियांसाठी वसतिगृह

या यादीतील शेवटची बाब सर्वांत निर्णायक होती. सासर व माहेर दोन्हीकडून आधार तुटलेल्या तरुण विधवेला केवळ वर्गात जागा देऊन भागणारे नव्हते. तिला राहण्यासाठी सुरक्षित जागा, दोन वेळचे जेवण आणि अडचणीत पाठीशी उभे राहणारे माणूस हवे होते. सेवासदनाने शिक्षण आणि निवारा यांची सांगड घातल्यामुळे लहान गावांतील स्त्रियाही पुण्यात येऊन शिकू शकल्या.

परिचारिकेचा पेशा आणि त्याचा दर्जा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य पद्धतीची रुग्णालये भारतात वाढू लागली. १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाल्यावर स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर व परिचारिका तयार करण्याच्या प्रयत्नांना गती मिळाली. तरीही महाराष्ट्रातील उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांतून परिचारिकेच्या कामाकडे जवळजवळ कोणी वळत नसे. त्याची कारणे अनेक होती. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनांमुळे रक्त, पू आणि मलमूत्र यांचा स्पर्श निषिद्ध समजला जाई. बाळंतपणाचे काम परंपरेने सुईणीकडे असे आणि त्याला हलका दर्जा होता. परपुरुषाच्या अंगाला हात लावणे, रात्रपाळी करणे आणि घराबाहेर जेवणे यांमुळे अशा स्त्रीच्या चारित्र्यावर शंका घेतली जाई. रुग्णालयातील परिचारिका बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती असत.

सेवासदनाने पुण्याच्या ससून रुग्णालयात हिंदू विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवण्यास सुरुवात केली, तेव्हा शहरात खळबळ उडाली. या काळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. संस्थेच्या वार्षिक समारंभात परिचारिकेच्या परीक्षेत यश मिळवलेली एक केशवपन केलेली विधवा बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली. प्रेक्षकांतील काही विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. रमाबाईंनी समारंभाच्या शेवटी उभे राहून त्या सुशिक्षित तरुणांची कानउघाडणी केली. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी अशी बहीण किंवा आत्या असेल, तेव्हा तुम्ही कोणाला हसत आहात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृह शांत झाले.

या प्रसंगातून रमाबाईंच्या कार्याची दिशा स्पष्ट होते. स्त्रीला काम मिळवून देणे एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्या कामाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी बदलणे, हा त्यांच्या कामाचा तितकाच आवश्यक भाग होता. रोज अपमान सोसून करावी लागणारी नोकरी पोट भरते, पण माणसाला आतून झिजवते. म्हणून नियमबद्ध प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र, जाहीर सत्कार आणि वसतिगृहातील सोबत या गोष्टींना संस्थेत महत्त्व होते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी स्वतः या मुलींच्या पाठीशी उभ्या आहेत, या गोष्टीचेही समाजात वजन पडले. स्वतःला लाभलेल्या प्रतिष्ठेचा उपयोग रमाबाईंनी प्रतिष्ठा नसलेल्या कामासाठी केला.

शिक्षणाचा हक्क आणि मताधिकार

१९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. पुणे नगरपालिकेत ही सक्ती आधी फक्त मुलांसाठी लागू करावी, असे एका गटाचे मत होते. मुलींनाही त्याच वेळी सक्तीचे व मोफत शिक्षण मिळावे, यासाठी रमाबाईंनी स्त्रियांना संघटित केले आणि सभा भरवून मागणी लावून धरली. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मताधिकार मिळावा, या चळवळीतही त्या अग्रभागी होत्या. १९२१ मध्ये मुंबई विधिमंडळाने स्त्रियांच्या मताधिकाराला मान्यता दिली.

लेखन

'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पुस्तकाचा मुख्य विषय न्यायमूर्ती रानडे असले, तरी त्यातून एका अशिक्षित बालवधूचे सार्वजनिक कार्यकर्तीत झालेले रूपांतर वाचकाला दिसते. एकत्र कुटुंबातील स्त्रियांचे परस्परसंबंध, कामाची वाटणी, मानापमान आणि अबोला यांचे तपशील त्यात आल्यामुळे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणूनही ते वापरले जाते. कुसुमावती देशपांडे यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे.

निधन

१९२४ मध्ये पुण्यात रमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी सेवासदनात एक हजारांहून अधिक स्त्रिया व मुली शिक्षण घेत होत्या. महात्मा गांधी यांनी 'यंग इंडिया'तून त्यांना आदरांजली वाहिली.

कार्याचे मूल्यमापन

रमाबाईंच्या कार्यावर टीकाही झाली आहे. त्यांचे विचार पतीच्या छायेत घडले, त्यांनी घरातील अन्यायाविरुद्ध उघड बंड केले नाही आणि संस्थेचा लाभ आरंभी प्रामुख्याने उच्चवर्णीय स्त्रियांना मिळाला, असे आक्षेप घेतले जातात. पंडिता रमाबाई किंवा ताराबाई शिंदे यांच्या तुलनेत त्यांचा मार्ग सौम्य होता. दुसऱ्या बाजूने, संस्था टिकवण्यासाठी लागणारी चिकाटी आणि विरोधकांनाही सोबत घेण्याची हातोटी यांमुळेच सेवासदन त्यांच्या पश्चात उभे राहिले, असे मानले जाते.

स्त्रीचे काम, त्या कामाचा दर्जा आणि तिचे आरोग्य यांचा संबंध शास्त्रीय अभ्यासाचा विषय होण्यास पुढे अनेक दशके लागली. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या हृदयविकारविषयक पाहणीतील स्त्रियांविषयीचे निष्कर्ष सुझान हेन्स आणि मॅनिंग फाइनलीब यांनी १९८० मध्ये मांडले. नोकरी करणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण एकंदरीत गृहिणींपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक नव्हते. कारकुनी स्वरूपाची कामे करणाऱ्या स्त्रियांमध्ये मात्र ते जवळजवळ दुप्पट आढळले. मुलांची जबाबदारी, मनात दाबून ठेवलेला राग, पाठिंबा न देणारा वरिष्ठ आणि प्रगतीची संधी नसणे या गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या दिसल्या. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या दुसऱ्या व्हाइटहॉल पाहणीत १०,३०८ जणांचा समावेश होता आणि त्यांपैकी ३,४१३ स्त्रिया होत्या. स्वतःच्या कामावर नियंत्रण कमी असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो, असे तीत दिसून आले.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आरोग्यक्षेत्रातील २२ हजारांहून अधिक स्त्रियांची दहा वर्षे पाहणी करण्यात आली. ही पाहणी ज्या मोठ्या प्रकल्पाचा भाग होती, त्यातील बहुसंख्य स्त्रिया परिचारिका होत्या. कामाचा भार जास्त आणि अधिकार कमी असलेल्या स्त्रियांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका कमी ताणाची कामे करणाऱ्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी अधिक होता. भार आणि अधिकार दोन्ही जास्त असलेल्या स्त्रियांमध्येही धोका जवळपास तेवढाच वाढलेला होता. दर्जा व अधिकार आवश्यक असले, तरी अतिरिक्त भारापासून ते एकटे संरक्षण देत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. रमाबाईंचे कार्य या संशोधनाच्या कितीतरी आधीचे आहे आणि आरोग्यशास्त्रीय सिद्धान्त मांडणे हा त्यांचा हेतू नव्हता. मात्र कामाला मान आणि काम करणारीला आधार, या दोन्ही बाजू त्यांनी संस्थेच्या रचनेतच एकत्र आणल्या होत्या.

वारसा

सेवासदनाच्या धर्तीवर पुण्याबाहेरही संस्था निघाल्या. सोलापूर आणि नागपूर येथील सेवासदन संस्था त्यांपैकी प्रमुख होत. रमाबाईंच्या हयातीत नांदेड, लातूर आणि मराठवाड्याचा इतर भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे सेवासदनाच्या कार्यक्षेत्राबाहेर राहिला. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर येथील आरोग्यसेवेचा विस्तार झाला. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्येच झालेला असल्याने परिचारिकेचा पेशा तोपर्यंत कायद्याने मान्यताप्राप्त बनला होता.

आज नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांच्या रुग्णालयांत अधिपरिचारिका हे शासकीय पद आहे. त्याच जिल्ह्यांतील गावांमध्ये आशा कार्यकर्त्या घरोघरी आरोग्यसेवा पोहोचवतात. त्यांना सरकारी कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानले जाते आणि कामानुसार मोबदला दिला जातो. नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा ही त्यांच्या संघटनांची प्रमुख मागणी आहे. रुग्णसेवा करणाऱ्या स्त्रीचे समाजातील स्थान कोणते, हा रमाबाईंनी हाताळलेला प्रश्न या रूपाने अजून शिल्लक आहे.

सन्मान आणि माध्यमांतील चित्रण

* रमाबाईंच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले.
* 'उंच माझा झोका' ही रमाबाईंच्या जीवनावरील मालिका २०१२ ते २०१३ या काळात झी मराठी वाहिनीवर प्रसारित झाली. या मालिकेमुळे नव्या पिढीला त्यांच्या जीवनाचा परिचय झाला.